मागच्या डाव्या चाकापासून

चि. अभिजित यास अनेक आशीर्वाद.

रविवारी तू न जेवता गेलास. आईनं तुझं ताट संध्याकाळपर्यंत झाकून ठेवलं होतं. फोनवर माझा आवाज चढतो म्हणून लिहितोय. ब्रेकचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच बसलोय.

सांगलीत विश्रामबागला सकाळी जुन्या गाड्या रांगेत लागल्या तेव्हा मी मुद्दाम मागे, चहाच्या गाड्यापाशी उभा होतो. जॅग्वारभोवती ही गर्दी! एक्सके 120 मधला 120 म्हणजे ताशी 120 मैल, हे तू शाळकरी पोरांना सांगत होतास. पलीकडे मर्सिडीजच्या 190 एसएलपाशी एक गृहस्थ बायकोला सांगत होते, हिची दारं पंखासारखी वर उघडतात. तशी उघडतात ती 300 एसएलची. मी गप्प बसलो. दिवसभरात तेवढंच एकदा.

पण पाय वळले तुझ्या एमजीएकडेच. दाराला बाहेरून हँडल नाही, आत हात घालून दोरी ओढायची, हे बघून आईला हसू आवरेना. मग तू बॉनेट उघडलंस आणि मी बघतच राहिलो. अरे, हे तर आपल्या अँबेसेडरचं इंजिन! तेच ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं 1489 सीसी. आपल्या गाडीला कार्ब्युरेटर एक, हिला दोन एसयू, एवढाच काय तो थाट. रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून तू दोन्हीकडची फुसफुस सारखी करत होतास. डोळे मिटलेले, स्क्रूवर दोन बोटं. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मी न विचारताच सांगितलं, तो माझा मुलगा.

आणि तेवढ्यात मागच्या डाव्या टायरची आतली बाजू दिसली. ओली. बोट लावून वास घेतला, ब्रेक ऑइल. चारचौघांत ओरडलो ते चुकलंच. तुझे मित्र होते, कोल्हापूरची मंडळी होती. बाजूला घेऊन सांगता आलं असतं. राग धरू नकोस.

पण अभ्या, चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली गाडी ती. पुढच्या चाकांना डिस्क आल्या त्या 1959 च्या 1600 मॉडेलपासून. चारही चाकांना ऑइलची एकच लाइन. एका ठिकाणी गळती वाढली की पेडल थेट फळीला लागतं, मग हातात उरतो फक्त हँडब्रेक. त्यात खंबाटकीचा बोगदा संपला की उतार आणि लगेच ते वळण. तू पुण्याला पोचल्याचा मेसेज पावणेसातला आला. तोवर मी दोनदा पेठ नाक्यापर्यंत जाऊन आलो. कशाला गेलो, मलाच ठाऊक नाही.

वसंताच्या वेळी ‘जाईल पुण्यापर्यंत’ असं मीच म्हणालो होतो. हे लिहू नका म्हणून आईनं बजावलंय.

बघ, परत ब्रेकवरच आलो. तुझ्या हाताला माझ्यापेक्षा जास्त कळतं, हे मला मान्य आहे. तिसरीत होतास तेव्हा ब्रेकच्या लाइनमधली एअर काढताना पेडल दाबायला तुला बसवायचो. पाय पुरायचे नाहीत म्हणून सीटच्या टोकाला घसरून बसायचास आणि आतून ओरडायचास, ‘दाबलंऽऽ अण्णा!’ चाकामागचा एअर सोडायचा निपल बंद झाला तरी दाबूनच ठेवायचास. सोड म्हटल्याशिवाय पाय काढायचा नाही, हे एकदाच सांगितलं होतं.

गाडीला किती घातलेस ते विचारत नाही. ताईनं आईला आकडा सांगितलाय. आईनं मला अजून सांगितलेला नाही, यावरून काय ते समजलो.

मी येईपर्यंत गाडी बाहेर काढू नकोस. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा नको. व्हील सिलिंडरची रबरं तुझ्या मापाची मागवून ठेव, ऑइलचा डबा नवीन आण, उघडून ठेवलेला वापरू नकोस. पुन्हा शिकवतोय, माहीत आहे. येत्या रविवारी पहिल्या एसटीनं निघतो. भडंग आणि तुझी राहिलेली पुरणपोळी आई देतेय. मागच्या डाव्या चाकापासून सुरू करू, पंपापासून तेच सगळ्यात लांब. निपल तू सोड. पेडलवर मी बसतो.

तुझा,
अण्णा