ती मोठी चौकट आखणाऱ्या भाऊंना

आदरणीय भाऊ,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. "मॅडम, नाव नका टाकू, मी काय वेगळं केलं," असं तुम्हीच फोनवर म्हणालात. काय केलं ते मात्र सांगणारच. सहा महिने होत आले, तरी ती दुपार आठवली की अजून गळा दाटून येतो.

आम्ही तिघं तीन कॉलेजांतले. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मराठी शिकवते. वर्ध्याचे सर इतिहासाचे, आणि गडचिरोलीतल्या वडशाकडचे सर झाडीबोलीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या बोलीत, वाढलेले. जात्यावरच्या ओव्या गोळा करायच्या, एवढंच आमचं काम. आमच्याकडं गावोगावी चक्की आली आणि जाती गोठ्याच्या भिंतीला टेकली, त्याला चाळीस-पन्नास वर्षं झाली. ज्यांच्या ओठी ओव्या आहेत त्या बाया सत्तरीच्या पुढच्या. दर पावसाळ्यात त्यातली एखादी जाते आणि तिच्याबरोबर दीड-दोनशे ओव्या जातात. हे काम पुढच्या वर्षावर ढकलता येत नाही.

आणि ते एकट्यानं होतही नाही. आमच्या वऱ्हाडात डोळ्याचा 'डोया' होतो, झाडीपट्टीत त्याच डोळ्याचा 'डोरा' होतो. मी तिकडची एक ओवी ऐकून 'भारी माती' लिहून ठेवलं होतं. वडशाच्या सरांनी ते पाहिलं, रेकॉर्डर दोनदा मागं घेतला आणि म्हणाले, "मॅडम, भारी नाही, कारी. काळी माती." एका अक्षरानं ओवीतलं शेतच बदललं होतं. वर्ध्याच्या सरांनी एका ओवीतल्या रेल्वेवरून ती कोणत्या काळातली असेल ते शोधायला घेतलं. मला सात जन्मांत ते सुचलं नसतं. म्हाइंभटांनी रिद्धपूरला लीळाचरित्र सिद्ध केलं तेसुद्धा एका जागी बसून नव्हे. ज्यांच्याजवळ चक्रधरांच्या आठवणी होत्या, त्यांच्यापर्यंत ते चालत गेले. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ आपल्या विदर्भातला, आणि तो असा दहाजणांना विचारून झालेला. मग आम्हा तिघांना एकत्र काम करायचं म्हटलं तर एवढं अवघड का व्हावं?

पण अवघड झालं. १९२३ साली नागपूरला विद्यापीठ झालं तेव्हा सगळ्या विदर्भाला तेच. १९८३ मध्ये अमरावतीचं वेगळं झालं, २०११ मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झालं. ते गरजेचंच होतं. आमच्या पोरापोरींना मार्कशीटच्या एका दुरुस्तीसाठी नागपूरची वारी करावी लागायची, ती थांबली. मात्र संशोधनाचा पैसा मागायला गेलो की कळायचं, आमचं शिवार आता तीन धुऱ्यांत वाटलं गेलंय. दुसऱ्या विद्यापीठाच्या माणसाचं एसटीचं तिकीट आम्ही का द्यायचं? रेकॉर्डर कोणाच्या कॉलेजच्या रजिस्टरात चढणार? मुख्य संशोधक एकच दाखवा, बाकीचे सहकार्य करतील. तीन वर्षं आम्ही हेच ऐकलं. कोणाचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. पण एका दालनात एक मोठे अधिकारी आमचा अर्ज उलटासुलटा करून म्हणाले, "म्हाताऱ्या बायांच्या गाण्याला मानधन कशाला पाहिजे? चहा पाजा, फोटो काढा, खूश होतील." ते वाक्य माझ्या मनातून अजून जात नाही. त्या माणसाच्या घरीही कोणीतरी आजी दळत बसलीच असेल ना?

तुमच्याकडचा निधी छोटाच होता. वेगवेगळ्या विद्यापीठांतल्या भाषा-इतिहासवाल्यांनी मिळून काही करावं म्हणून ठेवलेला. आमचा अर्ज मंजूर करणारी समिती वेगळी, त्यांचे आभार मी रीतसर मानले आहेत. तुम्ही लेखा विभागातले. तुमच्या टेबलावर आमची फाईल आली तेव्हा तुम्ही पहिला फोन केलात आणि विचारलंत, "यात गाणाऱ्या बायांचा हेड कुठं आहे?" हेड म्हणजे त्यांच्या मानधनाची खर्चाची बाब. मी घाबरतच म्हणाले, सर, तो टाकला तर फाईल परत येते असा अनुभव आहे. तुम्ही म्हणालात, "टाका. परत आली तर माझ्याचकडं येईल." कोणता नियम कुठं बसवलात, मला आजही नीट माहीत नाही. बसवलात एवढं खरं.

आणि मग फेब्रुवारीत तुम्ही स्वतः आलात. पैसे रोखीनं द्यायचे, पावत्या समोर व्हायला हव्यात म्हणून. तुमच्या जागी कोणीही मलाच सह्या आणायला सांगितलं असतं. तुम्ही दोन एसट्या बदलून आलात, पुढं फाट्यावरून ऑटोनं. कापसाची शेवटची वेचणी चालू होती, म्हणून बाया दुपारी शेतातून थेट ओसरीवर आल्या. अकरा जणी. प्रत्येकीचे ५०० रुपये पाकिटात घालून तुम्ही आधीच नावं लिहून ठेवली होती. बोंडांनी ओरबाडलेली ती बोटं, अंगठ्यांवरच्या रेषा झिजून गेलेल्या. कोणाचा ठसा नीट उमटेना. तुम्ही एकेकीचा अंगठा ओल्या फडक्यानं पुसत होतात, हळूच दाबत होतात आणि काम झालं की शाईसुद्धा पुसून देत होतात.

आठव्या नंबरला आमची आजी आली. तिनं शाईच्या पॅडकडं पाहिलं आणि हात पदरात घेतला. "अंगठा कायले? मले सही येते ना बाप्पा." नातीनं तिला साक्षर केलं होतं, दोन वर्षांपूर्वी, पाटीवर. तोवर कोणी तिला कुठं सही मागितलीच नव्हती. मागं बसलेल्या बायांपैकी कोणीतरी म्हणालं, "अवो लाव ना अंगठा, बस निघून जाईन सायबाची." आणि खरंच साडेचारची बस शेवटची होती. मीसुद्धा, खरं सांगते, मनात म्हटलं की आजी, लावा अंगठा.

तुम्ही शाईचा पॅड बंद केलात. बॅगेत ठेवलात. पेन आजीच्या हातात दिलंत आणि म्हणालात, "लिहा आजी. मी थांबतो."

तिनं पहिलं अक्षर काढलं आणि चौकट तिथंच भरली. एवढंसं खानं ते, छापील. दुसरं अक्षर खालच्या बाईच्या नावावर गेलं. आजीचा हात थांबला, चेहरा पडला. "खराब झाला कागद," म्हणाली. तुम्ही म्हणालात, "कागद नाही खराब झाला आजी, खानं लहान पडलं." मग बॅगेतून कोरा कागद काढलात, ओसरीच्या फरशीवर ठेवून स्केल लावलीत आणि पेन्सिलनं नवी चौकट आखलीत, तळहाताएवढी. खाली पावतीचा मजकूर हातानं पुन्हा लिहिलात. पुन्हा पेन दिलंत. आजीनं आपलं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं लिहिलं. मधली एक वेलांटी चुकली, ती खोडून परत काढली. त्या सगळ्या वेळात तुम्ही एकदाही घड्याळाकडं पाहिलं नाही. मी पाहत होते. बस गेली. रात्री तुम्ही सरपंचांच्या घरी ज्वारीची भाकर आणि आंबाडीची भाजी खाऊन झोपलात आणि पहाटेच्या गाडीनं गेलात.

भाऊ, आम्ही प्राध्यापक मंडळी लोकसाहित्यावर खूप बोलतो. सेमिनारमध्ये बाईच्या आवाजाबद्दल बोलतो आणि पेपर छापताना तिला 'माहितीदार क्रमांक ८' करून टाकतो. मीही आधी तसं केलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरातून सुरू करून एक लाखावर ओव्या जमवल्या, तेव्हा ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव जपलं. ते मी वर्गात कौतुकानं शिकवते. पण त्याचा अर्थ मला तुमच्या त्या पेन्सिलच्या चौकटीनं कळवला. तुम्ही मराठीचे नाही, लोकसाहित्याचे नाही, हिशेबाचे माणूस. भलेपणाला विषय लागत नाही. असे लोक प्रत्येक कार्यालयात एखाददुसरे असतात, त्यांच्या नावाची पाटी दारावर नसते, आणि त्यांच्याच जिवावर आमच्यासारख्यांची कामं तडीस जातात. निधी देणाऱ्यांना माझी एक विनंती आहे, मनापासून: रक्कम थोडी कमी द्या, पण तीन कॉलेजांच्या मधे असा एक माणूस द्या.

तुम्ही गेलात त्यानंतर आजी बदलली. आधी ती विचारल्यावर चार ओव्या सांगायची आणि "झालं" म्हणायची. आता मला निरोप पाठवून बोलावते. जून संपेपर्यंत तिच्या एकटीच्या १६३ ओव्या झाल्या. त्यातल्या काही तिच्या आईच्या माहेरच्या, झाडीपट्टीतल्या पवनीकडच्या आहेत आणि त्यात 'ळ'चा 'र' होतो. वडशाचे सर त्यासाठी दोनदा येऊन गेले, दोन्ही वेळा तिकीट तुम्ही मंजूर केलंत.

अहवालाचं पहिलं पान आम्ही तिघांनी ठरवलं आहे. आमच्या नावांच्या वर त्या अकरा जणींची नावं येतील, आणि आजीचं नाव तिच्या सहीतच, त्या मोठ्या चौकटीसकट. तुमच्या फाईलमधल्या त्या कागदाची एक चांगली स्कॅन प्रत हवी आहे, तेवढी पाठवा.

आणि पोळा झाला की एक चक्कर मारा. आजी मला दर भेटीत विचारते, "तो कागद मोठा करनारा साहेब पुन्हा कवा येते?" यावेळी साडेचारची बस धरायची नाही, मुक्कामच करायचा, असं तिनं सांगून ठेवलं आहे.

तुमची कृतज्ञ,
ओसरीवर तुमच्या शेजारी बसलेली मराठीची मॅडम