पाकिटावरचं नाव

प्रिय निल्या,

परवा फोनवर तू म्हणालास, पंधरा तारखेला पगार संपतो, माझ्यातच काहीतरी खोट आहे, ते डोक्यातून जाईचना म्हणून लिहायला बसलो, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

खोट बिट काही नाही रे. भाडं आणि मनूची स्कूलव्हॅन यात कोणी काय वाचवणार? पण उरलेले पाच-सात हजार कुठे जातात ते बघ. खात्यात पडलेल्या पैशाला नाव नसतं, मग तो कशालाही लागतो. त्यात क्यूआर कोड, तुळशीबागेत पाचशेची नोट मोडताना हात अडायचा, आता कळतसुद्धा नाही.

माझ्या आईचं कपाट आठवतं? लग्नपत्रिकांची जुनी पाकिटं, वर पेन्सिलीने 'दूध', 'लाईट', 'ताईची फी'. फीचं पाकीट कडेला मळून मऊ पडलं होतं पण अगदी दिवाळीलासुद्धा त्यातली नोट हलली नाही. मला तो आईचा कडकपणा वाटायचा. मग सोमण आणि चीमा या संशोधकांचा २०११ चा अभ्यास वाचनात आला, आपल्याकडच्याच खेड्यातल्या मजुरांचा. बचतीचे पैसे बंद पाकिटात दिले, आणि ज्यांच्या पाकिटावर त्यांच्याच मुलांचे फोटो होते त्यांची बचत जास्त झाली. पोरांचा चेहरा समोर असताना पाकीट फोडायला हात धजत नाही, दुसरं काय!

वहिनींचंच बघ ना, भिशीचा हप्ता कधी चुकलाय? चार बायकांसमोर मान खाली घालायची नसते. म्हणजे जमतं, तुमच्याच घरात जमतंय.

आणि हातात आलेला पैसा कापायचा म्हटलं की जिवावर येतं, न आलेल्याचं तेवढं वाटत नाही. अमेरिकेत थेलर आणि बेनार्त्झी या अर्थतज्ज्ञांनी एका कंपनीत कामगारांकडून आधीच होकार घेतला, की पुढची पगारवाढ झाली की त्यातून बचत वाढवायची. ४० महिन्यांत त्यांची बचत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ वर गेली, माणसं तीच.

तुझं इन्क्रिमेंट एप्रिलमध्ये आहे ना? मग शनिवारी सकाळी ये, पोस्टात जाऊन आरडी उघडू, आत्ता महिन्याला पाचशेचीच, वाढ झाली की दुसरी. आधार, पॅन आण. आणि मनूचा एक फोटो आण, पासबुकाच्या कव्हरात घालायला.

तुझा,
बंड्या
कोथरूड, पुणे