कळ अंगठ्यापर्यंत जाते तेव्हा

माझ्या आईने सोलापूरच्या पूर्व भागात मांडीवर सूप घेऊन चाळीस वर्षं विड्या वळल्या. कंबरेतली कळ पोटरीतून थेट अंगठ्यापर्यंत जायची. रात्र रात्र ती भिंत धरून उभी असे. मालिश, पट्टे, गोळ्या सगळं झालं. एमआरआयत मणक्यांमधली चकती सरकून नस दबलेली दिसली. डॉक्टरांनी सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर सुईचं टोक पाहत नसेच्या मुळाशी सूज उतरवणारं स्टेरॉईड सोडलं. संध्याकाळी घरी! आराम कायमचा नसतो, काहींना गुणही येत नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं. पाऊल लुळं पडलं किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर मात्र तातडीने रुग्णालय गाठावं.

विडी कारखान्यांत, पान-तंबाखू घ्यायला बाया येतात तिथेच, ही माहिती मराठी आणि तेलुगूत लावावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सोलापूर