गाडी माझी, कुलूप कंपनीचं: केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या सोमवारी माझी २०१४ ची पेट्रोल गाडी घेऊन एअरबॅगच्या रिकॉलसाठी, म्हणजे कंपनीने सदोष भाग बदलायला बोलावलं म्हणून, सर्व्हिस सेंटरला गेलो. चूक कंपनीची, दुरुस्ती फुकट. तिथल्या मुलाने स्कॅनर लावला आणि म्हणाला, "काका, ईसीएमला बाहेरचा हात लागलाय. गाडी घेता येणार नाही." ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा गाडीतला कॉम्प्युटर. एअरबॅग तशीच ठेवून मला परत पाठवलं.

तो हात माझाच. का लागला, तेही ऐका.

वर्षभर डॅशबोर्डवरचा इंजिनचा चेक लाइट विझत नव्हता. कोड पी ०१७१, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतंय. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच हवेला शुद्ध पेट्रोलपेक्षा सात-आठ टक्के जास्त इंधन लागतं. त्यात इंजिनात पेट्रोल फवारणारे माझे इंजेक्टर जुने. दोन्ही मिळून फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीएम ठरल्यापेक्षा किती टक्के जास्त इंधन सोडतोय तो आकडा, +२४ वर जाऊन अडकला. सर्व्हिस सेंटरने सेन्सर बदलला, प्लग बदलले, १४ हजार घेतले. आठवड्यात दिवा पुन्हा हजर. मॅप, म्हणजे इंधन किती सोडायचं याचा ईसीएममधला तक्ता, सुधारून द्या म्हटलं, तर या मॉडेलला अपडेटच नाही. आणि त्या तक्त्याला कंपनीचं कुलूप, बाहेरच्याने हात लावायचा नाही. मग उपाय काय? अख्खा ईसीएम बदला, ४८ हजार. त्या नव्या डब्यातही तोच जुना मॅप!

मे महिन्यात आईला डायलिसिसला सोलापूरला नेताना वैरागच्या पुढे गाडी बंद पडली. चाळीस मिनिटं ती माउली उन्हात मागच्या सीटवर बसून होती, हातात फाइल आणि पाण्याची बाटली. शेवटी एका टेम्पोवाल्याने पोचवलं. त्या दिवसाचे पैसे मी कुणाकडे मागू?

त्याच आठवड्यात रात्री अकरानंतर, लाइट जाण्याची वेळ टळल्यावर, मी लॅपटॉप घेऊन गाडीत बसलो. बॅटरीला चार्जर लावला, कारण फाइल चढताना व्होल्टेज पडलं तर ईसीएम मेलाच. आधी ईसीएममधली मॅपची मूळ फाइल वाचून दोन पेनड्राइव्हवर ठेवली. मग इंजेक्टरचा एकच आकडा बदलला आणि फाइल चढवली. ९७ टक्क्यांवर पट्टी थांबली तेव्हा माझा श्वासही थांबला होता. सकाळी ट्रिम +३. दिवा गेला तो गेलाच.

यात प्रदूषण वाढलं नाही. मिश्रण आजही ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरच ठरतं, मी फक्त त्याचा हिशेब नीट लावून दिला. पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड ०.०४ टक्के आला, मर्यादा ०.३ ची आहे. धूर सोडायला डीपीएफ, म्हणजे डिझेल गाडीची काजळी अडवणारी जाळी, काढून टाकणाऱ्यांना जरूर पकडा, मी तुमच्या बाजूने उभा राहीन. पण कंपनीचं कुलूप हवा शुद्ध ठेवतं, हे मला सांगू नका. २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांत सापडलेलं, तपासणीपुरतं प्रदूषण कमी दाखवणारं चोर सॉफ्टवेअर खुद्द कंपनीने घातलेलं होतं. ते उघडं पडलं बाहेरच्या लोकांनी रस्त्यावर गाड्या तपासल्या म्हणून.

आणि कायदा कुणावर? मोटार वाहन कायद्याचं कलम १८२ अ: परवानगीबाहेर फेरफार केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफाराला ५ हजार दंड, किंवा दोन्ही. स्पर्धा आयोगाने २०१४ च्या ऑगस्टमध्ये १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला, का? तर सुटे भाग आणि निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजला देत नाहीत म्हणून. पुढे अपिलं, कोर्टकचेऱ्या. आमच्या बार्शीच्या मेकॅनिककडे आजही तोच चिनी स्कॅनर आहे. कंपन्यांना अपिलाला वर्षं मिळतात, माझ्यासारख्याला रिकॉलच्या रांगेतून हाकलायला पाच मिनिटं पुरतात. सगळा कारभारच असा झालाय.

जुलै २०२२ मध्ये तुमच्याच खात्याने 'दुरुस्तीचा हक्क' म्हणून समिती नेमली. तिच्या चार क्षेत्रांत वाहनंही होती. २४ डिसेंबरला पोर्टलही सुरू झालं. मी ती बातमी कापून ठेवली होती, साहेब. कायदा कुठे आहे?

जुन्या गाड्यांसाठी इथेनॉलचा सुधारित मॅप कंपनीने द्यावा, नाहीतर कुलूप काढावं. पीयूसीत पास होणारा बदल गुन्हा ठरू नये. आणि ईसीएमचं कारण सांगून एअरबॅग नाकारायची नाही, एवढा आदेश तरी या महिन्यात काढा. आईचा डायलिसिस आठवड्यातून दोनदा असतो आणि ती अजून याच गाडीत बसते.

आपला,
एक वाहनमालक, बार्शी