'झीरो'चा बाप कोण?

मा. संपादक,

इंग्रजी शब्दांच्या संस्कृत मुळांवरचा लेख गेल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. झीरो, केव्ह, नेव्हल, मॅट्रिक्स, जीन, ओरिजिन असे पोकळीचे, पोटातले आणि उत्पत्तीचे शब्द एका माळेत ओवून 'हे सगळे आपल्याकडूनच तिकडे गेले' असा निकाल लेखकाने देऊन टाकला आहे. विषय सुरेख आहे, पण निकाल साफ चुकला आहे. खरी हकीकत त्याहून कितीतरी रंजक असल्यामुळे लिहावेसे वाटले.

पहिल्यांदा झीरो. लेखात 'शून्य'चा अपभ्रंश होत होत 'झीरो' झाला, असे म्हटले आहे. तसे झालेले नाही. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये शून्यासह बेरीज-वजाबाकीचे नियम सांगितले, पुढे भारतीय अंक बगदादला पोहोचले आणि अरबांनी 'शून्य' या शब्दाचे सरळ भाषांतर केले. त्यांच्या भाषेत रिकाम्याला 'सिफ्र' म्हणत, तोच शब्द त्यांनी वापरला. इटलीच्या फिबोनाचीने १२०२ साली आपल्या गणिताच्या ग्रंथात त्याचे लॅटिन रूप 'झेफिरम' केले, इटालियन लोकांच्या तोंडी ते घासून 'झेरो' झाले, आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत 'झीरो' आला. याच 'सिफ्र'पासून दुसऱ्या वाटेने 'सायफर' (शून्य, पुढे गुप्तलिपी) निघाला. म्हणजे कल्पना आपली, शब्द अरबांचा. लेखात मात्र अरबांच्या नावापुढे पूज्य!

गंमत पुढेच आहे. 'शून्य' हा शब्द 'फुगणे' अशा अर्थाच्या धातूपासून आला असे मानतात. फुगलेले ते आतून पोकळ. त्याच प्राचीन मुळापासून लॅटिनमधला 'कावुस', म्हणजे पोकळ, निघाला असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात आणि त्यावरून इंग्रजीत केव्ह, कॅव्हिटी, एक्सकॅव्हेट, इतकेच काय पण केज आणि जेलसुद्धा आले. तेव्हा 'शून्य'चे इंग्रजीतले नातलग शोधायचेच असतील तर ते गुहेत आणि तुरुंगात सापडतात, झीरोत नाही.

पण नातलग म्हणजे वंशज नव्हेत. आजोबा एकच म्हणून चुलतभाऊ आपला बाप ठरत नाही आणि आपणही त्याचे बाप ठरत नाही. कलकत्त्याला न्यायाधीश असलेले संस्कृतचे इंग्रज अभ्यासक सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत नेमके हेच मांडले: संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका समान उगमातून निघाल्या असाव्यात आणि तो उगम कदाचित आज शिल्लक नाही. संस्कृतच्या रचनेचे तोंडभरून कौतुक याच भाषणात आहे. आपल्याकडे कौतुक तेवढे उद्धृत होते, पुढचा भाग गाळला जातो.

हे नाते कानाला कसे लागते यावर ठरत नाही, ते नियमाने सिद्ध करावे लागते. संस्कृतात 'द' तिथे इंग्रजीत 'ट' (दश–टेन), 'प' तिथे 'फ' (पाद–फूट) आणि 'ज' तिथे 'क' (जन–किन, म्हणजे नातलग). 'जानु' म्हणजे गुडघा आणि इंग्रजी 'नी' हे एकच, हे ऐकून खरे वाटणार नाही. पण त्याचे स्पेलिंग पाहा. उच्चारातून गेलेला 'के' तिथे अजून बसून आहे. उलट 'डे' आणि 'दिवस' सख्खे वाटतात, तर त्यांचा काडीचा संबंध नाही. व्हॉट्सॲपवर फिरणारे 'व्हॅटिकन म्हणजे वाटिका' त्याच जातीचे. रोममधल्या त्या टेकडीचे नाव ख्रिस्ती धर्माच्याही आधीचे आहे.

नियमात बसणारी जोडी हवी असेल तर नाभी आणि नेव्हल घ्या. संस्कृतात 'नाभी' म्हणजे बेंबीही आणि चाकाचा तुंबाही. इंग्रजीत बेंबी 'नेव्हल' आणि चाकाचा तुंबा 'नेव्ह'. हजारो वर्षांची ताटातूट होऊनही दोन्ही घरांनी शरीराचा मध्य आणि चाकाचा मध्य एकाच शब्दकुळात ठेवला. (चर्चमधल्या मुख्य दालनालाही 'नेव्ह' म्हणतात, पण तो शब्द जहाजावरून आलेला, संस्कृत 'नौ'चा, म्हणजे नावेचा, भाऊबंद. लेखकाने दोघांची गल्लत केली आहे.)

आणि लेखात ज्याचा उल्लेखच नाही तो शब्द म्हणजे गर्भ. मराठीने हा शब्द किती अंगांनी वापरला आहे! गाभा, गाभण गाय, कोकणातल्या बाजारात माशाबरोबर मागून घेतात ती गाभोळी आणि देवळातला गाभारा, म्हणजे गर्भागार. ग्रीकमध्ये गर्भाशयाला 'डेल्फिस' म्हणत आणि हा शब्द 'गर्भ'च्याच मुळाचा मानला जातो. त्यावरून डॉल्फिन, म्हणजे गर्भाशय असलेला 'मासा'. डेल्फी या ग्रीक तीर्थक्षेत्राचे नावही त्याच्याशीच जोडतात. तिथल्या देवळात एक दगड होता आणि ग्रीक लोक त्याला पृथ्वीची नाभी म्हणत. भावाला ग्रीकमध्ये 'अडेल्फॉस', म्हणजे एकाच गर्भातला. संस्कृतात सख्ख्या भावाला 'सगर्भ्य' म्हणतात, घडण तीच. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा अर्थ बंधुप्रेम, तो याच अडेल्फॉसमुळे. आपल्या गाभाऱ्याचे दूरचे नाते त्या शहराच्या पाटीवर लिहिलेले असताना लेखकाला झीरोसाठी एवढी ओढाताण करावी लागली, याचे वाईट वाटते.

मॅट्रिक्सबद्दल थोडक्यात. लॅटिन 'माटेर'वरून आलेल्या या शब्दाचा इंग्रजीतला जुना अर्थ गर्भाशय. गणितात आकड्यांच्या चौकटीसाठी तो इंग्रज गणिती सिल्व्हेस्टरने १८५० मध्ये आणला, कारण त्या चौकटीतून निश्चयक (डिटर्मिनंट) जन्माला येतात, असे त्याचे म्हणणे. 'माटेर' आणि 'मातृ' भावंडे, बस्स. 'जीन'ही डॅनिश शास्त्रज्ञ योहानसेनने १९०९ साली ग्रीकवरून घडवला, आपण 'जनुक' संस्कृत 'जन्'वरून घडवला. दोघांचे मूळ एकच, उसनवारी कुणाचीच नाही.

काही ठिकाणी तर नातेही नाही, नुसता विचार जुळतो. ओरिजिनचे मूळ 'उगवणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे, पूर्व दिशेचा 'ओरिएंट'ही तिथलाच. आपणही उगम, उगवणे आणि उगवती दिशा एकत्रच नांदवतो. 'एम्प्टी'चे जुन्या इंग्रजीतले रूप भांड्यालाही लागू होते आणि काम नसलेल्या माणसालाही, अगदी आपल्या 'रिकामा'सारखे. लॅटिनमध्येही तेच: व्हॅक्यूम आणि व्हेकेशन एकाच घरचे. रिकामा डबा आणि रिकामा माणूस यांना एकच शब्द लावायला तिघांनाही कुणी शिकवावे लागले नाही.

लेखकाच्या संस्कृतप्रेमाबद्दल शंका नाही. पण अशा पुरवण्यांची कात्रणे शाळेच्या फलकावर लागतात आणि वक्तृत्व स्पर्धेत मुले ती घडाघडा म्हणून दाखवतात. 'झीरो' आणि 'नेव्ह' यांपुरता तरी खुलासा पुढच्या रविवारी त्याच पानावर, चौकटीत छापावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, मिरज