घड कापायच्या आधी

जळगाव, 20 जुलै

ती. बाबा आणि आईस,
सा. न.

परवा बाबा फोनवर म्हणाले, "चांगली चाललेली नोकरी कशाला सोडतेस?" तेव्हा नीट सांगता आलं नाही. पाइप कारखान्याच्या लॅबमधली ही नोकरी मी सोडलेली नाही. ही हातात असतानाच दुसरी बघतेय.

पावसाळ्यात पाइपाची मागणी दरवर्षी उतरतेच. यंदा मात्र ऐन एप्रिलात, शेतात पाइपलाइन टाकायच्या दिवसांत, रात्रपाळी बंद झाली. साहेब म्हणतात, काळजी करू नका. पण रेझिनची, म्हणजे पाइपाच्या कच्च्या मालाची, गाडी आली की नमुना आधी माझ्या टेबलावर येतो. पूर्वी आठवड्याला चार यायचे, आता एक. पगारही दोनदा उशिरा झाला.

बाबा, तुम्ही केळीचा घड कापायच्या आधीच बुंध्याशेजारी फुटलेलं एक पील पुढच्या घडासाठी राखता. घड उतरल्यावर पील शोधत बसलेलं तुम्हाला मी कधी पाहिलं नाही.

पाइपावर आयएसआय मार्क लावणाऱ्या बहुतेक कारखान्यांत प्रयोगशाळा आणि तपासणारं माणूस असतं. म्हणून जाहिरातीची वाट न बघता पाइपांच्या दुकानांत फिरले. पाइपावर बनवणाऱ्याचं नाव छापलेलं असतं, ती नावं वहीत उतरवली. जळगाव-धुळ्यातल्या अकरा ठिकाणी फोन केले. चौघांनी बायोडाटा मागवला आणि धुळ्याच्या अवधान एमआयडीसीतून एकांनी भेटायलाच बोलावलं. मंगळवारी रजा टाकून एसटीने एरंडोल, पारोळा करत जाऊन आले.

तिथल्या साहेबांनी एचडीपीई या दुसऱ्या प्लॅस्टिकच्या पाइपाबद्दल विचारलं. मी जवळपास पाच वर्षं पीव्हीसीचेच पाइप तपासलेत, त्यांचं मानक आयएस 4985. एचडीपीईचं 4984 वेगळं. येत नाही म्हणून सरळ सांगितलं. खोटं बोलले असते तर मशीनपुढे पहिल्याच दिवशी उघडी पडले असते. आता कॉलेजातल्या मैत्रिणीच्या लॅबमध्ये दर रविवारी मेल्ट फ्लोची, म्हणजे वितळलेलं प्लॅस्टिक किती सहज वाहतं याची, टेस्ट शिकायला जाते. पुढच्या वेळी हो म्हणता यायला हवं.

घाई मात्र करणार नाही. 11 नोव्हेंबरला इथे पाच वर्षं भरतात, मग ग्रॅच्युइटी मिळते. मूळ पगार 13,000, महिना 26 दिवसांचा धरून त्याचे वर्षाला पंधरा दिवसांचे 7,500, म्हणजे पाच वर्षांचे 37,500. तेवढ्यासाठी, नोटिशीचा महिना धरून, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत राजीनामा देणार नाही. धुळ्याच्या साहेबांनाही रुजू व्हायची तारीख 11 नोव्हेंबरनंतरचीच सांगितलीय.

आई, स्वयंपाकघराच्या पत्र्यांसाठी पीएफ काढायला सांगू नकोस. नोकरी बदलली तरी पीएफचा यूएएन नंबर तोच राहतो, पैसे नव्या कंपनीत वळते होतात. तेवढं एक माझ्या म्हातारपणाचं राहू दे. पत्र्यांचं ग्रॅच्युइटीतून करू, नोव्हेंबरपर्यंत ताडपत्री ओढून घ्या.

धुळ्याला एकटी कशी राहशील, हे तू विचारणारच. इथेही एकटीच राहते गं. शिवाय धुळ्याहून घरी यायला सुटीच्या दिवशी गाडी मिळते, हे स्टँडवर विचारून आलेय.

कानबाईच्या सणाला दोन दिवस येतेय. भाकरीला कळण्याचं पीठ दळून ठेव. बाबांनी बीपीची गोळी चुकवू नये.

तुमची,
ताई