मॅडम, ती ओळ तुम्ही फेकू दिली नाहीत

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

तुमच्या निरोप समारंभात भाषणं खूप झाली, पण मला बोलायचं होतं ते घशातच राहिलं. म्हणून हे जाहीर पत्र.

मक्याचं परागीकरण मी पुस्तकातून शिकून आलो होतो. हात तुम्ही बसवलात. कणसाला केस फुटायच्या आधी पिशवी चढवायची. आदल्या संध्याकाळी कणसाचा शेंडा कापायचा, म्हणजे सकाळपर्यंत केसांचा सारखा झुपका येतो. तुऱ्यालाही तेव्हाच पिशवी बांधायची, म्हणजे त्यावर पडलेला बाहेरचा पराग रात्रीत मरतो. एकदा मला उशीर झाला. केस नखभर बाहेर आले होते, तरी मी गुपचूप पिशवी घातली. तुम्ही येऊन ते कणीस मोडलंत. "एक केस, एक दाणा. त्यातला परका कुठला, कसं ओळखशील?" एवढंच म्हणालात. रागावला नाहीत, हे मला जास्त लागलं.

पण खरे आभार मानायचे आहेत ते मक्याच्या त्या एका ओळीसाठी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्याच परागानं वाढवलेल्या त्या शुद्ध वाणासाठी. सहा पिढ्या स्वपरागीकरण (झाडाचा पराग त्याच झाडाच्या कणसावर) करून ती पार खुजी झाली होती. कणसं बोटभर, दाणे विरळ. मी नोंदवहीत तिच्यावर लाल फुली मारली होती. तुम्ही मला करप्याच्या, म्हणजे पानं वाळवणाऱ्या बुरशीजन्य रोगाच्या, चाचणी प्लॉटमध्ये नेलंत. बुरशी वाढवलेले ज्वारीचे दाणे आपणच प्रत्येक झाडाच्या पोंग्यात टाकले होते. शेजारच्या ओळींची पानं कणसाच्या वरपर्यंत वाळली होती. हिच्या मात्र खालच्या दोन पानांवर बारीक चट्टे, वर सगळं हिरवं. दाणा भरतो तो मुख्यतः कणसाजवळच्या आणि वरच्या पानांवर, ती आधीच जळली तर उत्पन्न कुठून येणार? हे मला त्या दिवशी डोळ्यांनी कळलं.

तिथेच बांधावर बसून तुम्ही अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ शल यांच्याबद्दल सांगितलंत. स्वपरागीकरणानं खचलेल्या ओळींचा संकर केला की जोम परत येतो, हे त्यांनी 1908 मध्ये मांडलं होतं. म्हणजे ओळ स्वतः किती पिकते यापेक्षा जोडीदाराबरोबर कशी उतरते ते बघायचं. मग 1970 ची अमेरिका. तुरे खुडायची मजुरी वाचावी म्हणून बहुतेक संकरित बियाण्यात एकच, टेक्सास प्रकारची नरवंध्यता (तुऱ्यात पराग तयारच न होणं) वापरलेली. मेडिस करप्याच्या (करप्याचाच एक प्रकार) बुरशीची नेमकी अशाच झाडांना मारणारी जात आली आणि देशाचं सुमारे 15 टक्के मक्याचं पीक गेलं. म्हणून तुम्ही एकाच जनुकावर टेकलेल्या प्रतिकारावर कधी विसंबला नाहीत. छोट्या छोट्या अनेक जनुकांनी रोग हळू करणारी ओळ तुम्हाला जास्त प्रिय. तिचं काम किचकट आहे, कबूल. एकाच झाडाच्या तीन-तीनदा नोंदी घ्याव्या लागतात. पण माझंही मत आता तेच झालंय.

मी फुली खोडली. टेस्टरबरोबर (ओळी पारखायला ठरवलेल्या जोडीदाराबरोबर) केलेला तिचा संकर दोन हंगाम चाचणीत वरच्या क्रमांकांत आहे. कणसं टोकापर्यंत भरलेली, पानं हिरवी. नोंदवहीतलं ते खोडलेलं पान मी जपून ठेवलंय. तुम्ही नसता तर त्या ओळीचं बियाणं तेव्हाच कचऱ्यात गेलं असतं.

यंदा पुन्हा करप्याचा प्लॉट लावला आहे. दोन नोंदी झाल्या, तिसरी दाणे भरताना घ्यायची आहे. मॅडम, त्या दिवशी याल का? नोंदवही मी धरतो, गुण तुम्ही सांगा.

तुमचा विद्यार्थी